चुलीपासून ओसरीपर्यंत

दोंडाईच्यात मिरचीच्या बाजारात मिश्रीलालजींचं दुकान होतं, आणि दुकानामागे घर. त्या घरच्या सुनेला, लाडकुंवरला, वाचायचं भारी वेड. अमळनेरला सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुडीचा कागदही वाचल्याशिवाय चुलीत घालायची नाही. तोंडाला मात्र घरात कुलूप. त्यांच्या मारवाडी रीतीप्रमाणे सुनेने सासऱ्यांपुढे घुंगट घ्यायचा आणि आपला आवाज त्यांच्या कानी पडू द्यायचा नाही. ही रीत घालणाऱ्याला सुनेच्या हातचं जेवायचं होतं, तिचं ऐकायचं नव्हतं, एवढं खरं.

सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यातर्फे जात. त्या गेल्या, आणि मागोमाग काचबिंदूने मिश्रीलालजींची नजर नेली. आता ताट आल्याची वर्दी बांगड्यांनी द्यायची. म्हातारा पेपरचा मोठा शौकीन. मुलगा इंदरचंद, लाडकुंवरचा नवरा, सकाळी चार मथळे घाईघाईने वाचून दुकानात पळायचा. मग दुपारभर मिश्रीलालजी ओसरीवर पेपर मांडीवर घेऊन त्यावरून नुसता हात फिरवत बसायचे. ती सळसळ स्वयंपाकघरात ऐकू आली की लाडकुंवर दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. वाचता येणारी बाई भिंतीपलीकडे रिकामी बसलेली, आणि बोलायची बंदी.

अडुसष्ट सालच्या एका दिवाळी अंकात तिला एक विज्ञानकथा सापडली. चंद्रावर गेलेल्या नवऱ्याला त्याची बायको भिंतीवरच्या पेटीतून विचारते, जेवलात का, आणि चंद्रावरून उत्तर येतं. दुसरं कुणी याला थापा म्हणालं असतं. लाडकुंवरने तेवढी पेटी उचलली. आवाज पेटीचा, बाई आपल्या जागी. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

तिने इंदरचंदच्या मागे भुणभुण लावली. गोष्टी पुस्तकातच बऱ्या असतात, असं तो म्हणाला, आणि वैतागून स्टेशनजवळच्या गिरधरला घेऊन आला. गिरधर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने दारात उभं राहून अख्खी गोष्ट वाचली आणि डोकं खाजवलं.

"चंद्रनं माले ठाऊक नही, भाभी," तो म्हणाला, "पन ह्या घरमा बठ्ठं व्हई जाई." घरात सगळं जमेल, असा त्याचा भरवसा.

मोडक्या रेडिओंचे दोन कर्णे, एक बटण, आढ्यावरून नेलेली तार. पहिल्यांदा पेटी रेडकासारखी रेकली. गिरधरने पुन्हा उघडली, पुन्हा जोडली, आणि एका दुपारी लाडकुंवरने चुलीजवळचं बटण दाबलं.

"बापूजी, पेपर वाचू?"

मिश्रीलालजी ताठ बसले. "कोण आहे?"

"मी लाडकुंवर."

आता संपलंच, असं तिला वाटलं. मग पेटीतून हळू आवाज आला, "इतकी वर्षं घरात आहेस, आणि तुझा आवाज मी ओळखला नाही." त्यांनी मांडीवरचा पेपर स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकवला. "वाच."

तेव्हापासून बाजारभावापासून निधनवार्तांपर्यंत रोज सगळं वाचून व्हायचं. नातेवाईक कुजबुजले, तर म्हातारा बेरकीपणे म्हणायचा, पेटी बोलते, सून कुठे बोलते?

पुढच्या जुलैत माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी आली. तिथून तो बोलला आणि पृथ्वीवर ऐकू आलं, हे वाचताना लाडकुंवरचा आवाज कापत होता. आपली गोष्ट खरी झाली याचा तिला केवढा आनंद झाला होता. मिश्रीलालजींनी बातमी दोनदा वाचून घेतली.

"बिनणी," त्यांनी सुनेला विचारलं, "चंद्र किती लांब?"

लाखभर कोसांहून जास्त, तिने सांगितलं.

"आणि तुझी चूल?"

लाडकुंवरने दारातून ओसरीकडे पाहिलं.

"त्या माणसाला पेटीवाचून इलाज नाही. तुला आहे. पेपर घेऊन इकडे ये."

लाडकुंवर ओसरीवर आली. ज्यांना दिसतच नव्हतं त्या सासऱ्यांपुढे तिने सवयीने घुंगट ओढला आणि पाटावर बसून वाचू लागली, अगदी तोंडातल्या तोंडात.

"जरा मोठ्यानं," मिश्रीलालजी म्हणाले. "आता मध्ये पेटी नाही."

तिने डोळे पुसले आणि बातमी पहिल्यापासून वाचायला घेतली.