फायनलसाठी आलेली डीपी

"महाले, सूर्यमाळची डीपी उद्या दुपारी तीनच्या आत चालू पाहिजे."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता डेप्युटी इंजिनिअर साहेबांचा फोन आला. हीच डीपी मी अठरा दिवस मागत होतो. तीन पत्रं पाठवली होती, दोनदा स्वतः जाऊन आलो होतो. उत्तर एकच मिळायचं : स्टोअरमध्ये माल नाही.

"माल आला का साहेब?"

"आलाय. म्हणजे आहे. शिरपामाळच्या रस्त्याला ते नवीन रिसॉर्ट होतंय ना, तिथे ठेवलाय. तो उचला, सूर्यमाळला बसवा. सोमवारी परत नेऊन ठेवा."

"परत?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. शनिवारी सेमीफायनल, रविवारी फायनल. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत होतं. सगळ्या तालुक्याला माहीत होतं. सूर्यमाळच्या एका पाड्यावरची सुनंदा भोये एका मोठ्या क्लबकडून बास्केटबॉल खेळत होती. आश्रमशाळेत असताना तिची उंची बघून कुणीतरी तिला क्रीडा वसतिगृहात नेलं होतं. आता आशियातल्या महिला क्लबांची स्पर्धा बँकॉकला चालू होती आणि तिचा क्लब शेवटच्या चारांत पोचला होता. हरलं की बाहेर, अशा शेवटच्या दोन मॅच. पेपरात तिचा फोटो आला. मग तालुक्याच्या एका पुढाऱ्यांना वाटलं, गावकऱ्यांसोबत बसून मॅच बघावी आणि चॅनेलवाल्यांनी ते दाखवावं. गावात वीज नाही हे त्यांना कुणीतरी गुरुवारी सांगितलं.

डीपी म्हणजे काय ते सांगतो. तारांमधून येणारी वीज अकरा हजार व्होल्टची असते. ती घरात चालेल इतकी खाली उतरवणारी लोखंडी पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. लोक त्याला डीपी म्हणतात. आत तांब्याची वेटोळी आणि तेल असतं. सूर्यमाळच्या पेटीतलं तेल गळून गेलं, वेटोळी जळाली, वीज गेली. दिव्यांचं सोडा. खाली दरीत विहीर आहे, तिच्यावरची मोटर पाणी वर शाळेजवळच्या टाकीत चढवते. वीज गेली म्हणजे पाणी गेलं. मे महिना होता. बाया पहाटेपासून झिऱ्यावर, म्हणजे पाणी पाझरणाऱ्या खड्ड्यावर, जाऊन वाटीवाटीने हंडा भरत होत्या. एका खेपेला दोन-अडीच तास.

आणि तीन पाड्यांच्या पाण्याची पेटी, अजून भिंतीही पुऱ्या न झालेल्या रिसॉर्टच्या दारात ताडपत्रीखाली बसली होती!

मी जामसरच्या भातशेतीवाल्या घरातला. डिप्लोमा करून खात्यात लागलो, मोखाड्यात ज्युनिअर इंजिनिअर झालो. एरवी साहेबांसमोर आवाज चढवणारा माणूस नाही. त्या दिवशी फोन ठेवला तो आपटूनच.

ताडपत्री काढली तेव्हा पेटीवर अजून स्टोअरची चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलेलं : सूर्यमाळ. माझा लाइनमन काशिनाथ पाटारा त्याच भागातला. त्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि रिसॉर्टच्या वॉचमनला अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येत नाही. वॉचमनचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

खोडाळ्यावरून ट्रक वर चढवायला संध्याकाळ झाली. शनिवारी सकाळी चेनपुली लावून, तीसेक माणसांनी दोर धरून पेटी खांबांवर चढवली. मग मेगर लावला. मेगर म्हणजे आतून कुठे वीज झिरपत नाही ना, हे सांगणारं यंत्र. काटा नीट दाखवत होता. सव्वाएकला मी लाइन चालू केली. पेटी घुमायला लागली तशी काशिनाथला खाली पिटाळलं. "आधी मोटर. टीव्हीचं मग बघू."

टाकीच्या तोटीला पाणी आलं तेव्हा बाया ओरडल्या नाहीत, नाचल्या नाहीत. रांग लावली आणि हंडे भरायला लागल्या. एक म्हातारी मला म्हणाली, "आज आला व्हय रं?"

मी शाळेत बसून कागद केला. जळालेल्या पेटीचा नंबर, तिच्या जागी बसवलेल्या पेटीचा नंबर, ठिकाण, चालू केल्याची वेळ. खाली मी आणि सरपंचांनी सह्या केल्या. याला चालू केल्याचा रिपोर्ट म्हणतात. काशिनाथला मोटरसायकलवर खोडाळ्याला पाठवलं आणि दोन ठिकाणी फॅक्स करायला लावला. एक डिव्हिजन ऑफिसला, एक स्टोअरला.

चार वाजता सेमीफायनल. शाळेच्या टीव्हीसमोर सगळा पाडा. सुनंदाचे वडील लक्ष्मण भोये सगळ्यात पुढे. त्यांनी लेकीला खेळताना कधी बघितलंच नव्हतं.

"सायेब, यातली आमची कंची?"

"नऊ नंबर."

कॅमेरा जवळ गेला. ते बराच वेळ बघत राहिले. "सुकलीय. तिकडं जेवाय देत नाय का?"

त्यांचा क्लब जिंकला. शाळा दणाणून गेली. मीही ओरडलो.

रविवारी साडेतीनला जीपगाड्या आल्या. पुढारी, चॅनेलवाले आणि डेप्युटी साहेब. टाकीवर रांग होतीच. अठरा दिवसांची तहान एका दिवसात भागत नाही. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"मोटर बंद करा."

"का?"

"मॅचमध्ये व्होल्टेज पडेल."

"साहेब, एवढ्या पेटीवर एक मोटर आणि एक टीव्ही. काय पडणार आहे?"

ते जवळ आले. "अहो, बाया हंडे घेऊन मध्ये मध्ये येतायत. कॅमेऱ्यात बरं दिसत नाही. पाणी थांबलं की रांग जाईल."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी ओरडलो. चॅनेलवाल्याने वळून बघितलं, इतक्या जोरात. "झिऱ्यावर बसल्या होत्या तेव्हा कोण आलं होतं बघायला? तेव्हा बरं दिसत होतं? पेटीवर गावाचं नाव होतं, साहेब! मी वाचलंय!"

"हळू बोला."

"मोटरची किल्ली माझ्या खिशात आहे. ती देतो. मोटर खाली दरीत आहे, उतरायला पाऊण तास. इथून वरून बंद केलीत तर टीव्हीही जाईल, एकच लाइन आहे. बघा, उतरता का."

साहेबांच्या पायात पॉलिश केलेले बूट होते. ते उतरले नाहीत. चॅनेलवाल्याने मात्र कॅमेरा रांगेकडे वळवला. पुढारी पहिल्या हाफनंतर निघून गेले, पाठोपाठ साहेबही.

फायनल आम्ही दोन पॉइंटनी हरलो. शेवटची तीन मिनिटं असताना सुनंदाला पाचवा फाऊल लागला. बास्केटबॉलमध्ये पाच फाऊल झाले की खेळाडूला बाहेर बसावं लागतं. ती टॉवेल डोक्यावर घेऊन बाकावर बसली. लक्ष्मणबाबांनी शाळेच्या गुरुजींना विचारलं, "तिला का बसवली?" गुरुजींनी नियम सांगितला.

"पाच चुकांवर बसवतात?" बाबा साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले. "आमच्याकडं कोनाला बसवत्यात?"

सोमवारी सकाळी पेटी न्यायला सूर्यमाळला ट्रक आला आणि रिकामा परतला. पाठोपाठ मोखाड्याच्या ऑफिसात फोन.

"महाले, ट्रक अडवलात म्हणे?"

"अडवला नाही साहेब. चालू लाइनवरची पेटी उतरवायची म्हणजे लेखी ऑर्डर लागते. रिपोर्ट शनिवारीच डिव्हिजनला आणि स्टोअरला गेलाय. कागदावर ती पेटी सूर्यमाळची आहे. तुम्ही लिहून द्या, गावाचं पाणी तोडून रिसॉर्टला द्या म्हणून. दहा मिनिटांत उतरवतो."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

लेखी ऑर्डर आली नाही. पेटी राहिली. मला आधी 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन' म्हणून नोटीस आली आणि दिवाळीआधी बदली झाली, थेट दुसऱ्या जिल्ह्यात. साहेबांना काही झालं नाही.

बदलीपूर्वी, जूनमध्ये, सुनंदा गावी आली होती. पायाला पट्टी, आवाज अगदी हळू. टाकीजवळ भेटली. म्हणाली, "सर, माझी मॅच होती म्हणून वीज आली म्हणे?"

मी मान हलवली.

"म्हणजे आमच्या बायांना पाणी पाहिजे असेल तर मी दरवर्षी फायनलला जायला पाहिजे." ती हसली नाही.

नंतर एकवीस वर्षं नोकरी केली. नवीन पोरं यायची, विचारायची, काही शिकवा सर. मी एकच शिकवायचो. काम झाल्याझाल्या रिपोर्ट पाठवायचा, जेवायलासुद्धा थांबायचं नाही. उशीर झाला की वरचे विचार करायला लागतात.