गिटारचा आवाज कुठे अडतो

ऑर्केस्ट्रातून कोणाला काढायचं असतं तेव्हा 'काढलं' असं कोणी म्हणत नाही. आधी त्याचे पीस, म्हणजे गाण्याच्या मधे एकट्याने वाजवायचे तुकडे, कमी होतात, मग फोन उशिरा यायला लागतात, आणि एके दिवशी स्टेजच्या फोटोत तो माणूस नसतो. हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. त्यामुळे दादरचा कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत असताना आमचा संचालक शेजारी येऊन उभा राहिला तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"हे बघ, मी तुला काढत नाहीये," तो म्हणाला. "पण गिटार बाहेर ऐकूच येत नाय रे. लोकांना दिसतं तू वाजवतोयस, आणि ऐकू काय येतं? कीबोर्ड. आता गिरगावचा प्रोग्रॅम आहे, मग लालबागचा. तोपर्यंत काय ते बघ. नायतर तुझे पीस कीबोर्डवर घेऊ. त्यात सगळे साउंड आहेत."

त्यात सगळे साउंड आहेत, हे एवढंच डोक्यात घेऊन मी डिलाईल रोडला घरी आलो. जेवताना बायकोने दोनदा विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो. ती समजायचं ते समजली.

मी दिवसा फोर्टला एका शिपिंग कंपनीत कागद पुढे सरकवतो. ते काम माझ्यानंतर कोणीही करील आणि कदाचित बरं करील. पण स्टेजवर उजव्या बाजूला, कीबोर्डच्या पलीकडे जो उभा असतो तो मी. लग्नाच्या आधीपासून मी तिथेच उभा आहे. ती जागा गेली तर शनिवार-रविवारचं मी काय करणार, हा प्रश्न नव्हताच. सोमवारी ऑफिसला कोणत्या तोंडाने जाणार, हा होता.

पूर्वी माझ्या मागे एक अवजड अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, असायचा. टॅक्सीवाले त्याला बघूनच नाही म्हणायचे. पण त्याचा कारभार साधा होता. आवाज कमी वाटला की मागे वळायचं, बटण फिरवायचं, की आवाज पाठीवर आदळायचा. मग सगळ्या ऑर्केस्ट्रांसारखं आमच्याकडेही ठरलं, स्टेजवर अ‍ॅम्प नकोत, सगळं थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जाऊ दे. म्हणून मी मॉडेलर घेतला. ही पायाशी ठेवायची चपटी डिजिटल पेटी. नाना तऱ्हेच्या अ‍ॅम्पची ती हुबेहूब नक्कल करते. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने निघालेली वायर साउंडवाल्याकडे जाते. पेटी उत्तमच आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. फक्त तिच्यात आवाजाची बटणं इतकी आहेत की माणसाला घाम फुटावा.

पहिलं बटण गिटारवरच असतं. पेटीत शिरलं की गेन. मग ज्या अ‍ॅम्पची नक्कल केलीय त्याचा स्वतःचा मास्टर व्हॉल्यूम, कारण खऱ्या अ‍ॅम्पला तो असतो. मग आवाज बाहेर किती सोडायचा तो चॅनलचा व्हॉल्यूम. मग साठवून ठेवलेल्या प्रत्येक साउंडची आपापली लेव्हल. आणि पेटीच्या डोक्यावर एक मोठं बटण, ते सगळ्यांचं मिळून. दादरला साउंडवाला लांबून ओरडला, "साहेब, लेव्हल द्या ना जरा!" तेव्हा मी घाबरून हाताला आलं ते फिरवलं. तो निघाला गेन.

गेन म्हणजे आवाज मोठा करणं नव्हे, हे मला फार उशिरा उमगलं. गेन म्हणजे आमटीतलं तिखट. चॅनलचा व्हॉल्यूम म्हणजे वाटीत किती पळ्या वाढल्या ते. समोरचा म्हणतोय वाटी रिकामी आहे, आणि मी तिखट घालत सुटलो होतो. त्याने आवाज मोठा होत नाही, नुसता खरखरीत आणि दाबलेला होतो, आणि गर्दीत आणखी मागे पडतो. बरं, त्याच कार्यक्रमात मी गाणं चालू असताना ते मोठं बटणही फिरवलं होतं. साउंडवाला कार्यक्रमाआधीच्या तपासणीच्या वेळी त्या बटणाच्या हिशोबाने सगळं लावून बसलेला असतो. त्याने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

पुढचे काही दिवस मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ह्याच विषयावरचे व्हिडिओ बघायचो. त्यातून आणखी एक भानगड कळली. मी माझे सगळे साउंड घरी, कानाला हेडफोन लावून, अगदी हळू आवाजात बनवले होते. हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातलं आणि अगदी वरचं, दोन्ही कमी ऐकू येतं. मग माणूस ते दोन्ही वाढवून ठेवतो आणि खूश होतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की तेच दोन्ही अंगावर येतं, आणि मधला भाग, ज्याच्यामुळे गिटार गिटारसारखी वाटते, तो गायकाच्या नि कीबोर्डच्या खाली गाडला जातो. म्हणजे साउंड बनवायचे तर मोठ्या आवाजातच बनवायला हवेत. आमच्या चाळीत ते शक्य नव्हतं.

म्हणून परळला एक रिहर्सल रूम तासाने घेतली आणि कीबोर्डवाल्याला घेऊन गेलो. ज्याच्या हातात माझे पीस जाणार होते त्यालाच मदतीला नेलं, हे मलाही विचित्र वाटत होतं. त्यालाही वाटत असावं.

"मला तुझे पीस नको आहेत रे," तो दार लावता लावता म्हणाला. "माझ्या दोन हातांना आधीच कामं कमी नाहीत."

तो चांगला माणूस आहे, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

आम्ही मोठ्या आवाजात सगळे साउंड पुन्हा बनवले. गेन उतरवला, खर्ज कापला, मधला भाग वर आणला. साथीचा एक साउंड आणि पीसचा दुसरा, आणि पीसच्या साउंडचा चॅनल व्हॉल्यूम थोडा चढा, म्हणजे पायाने बटण दाबलं की गिटार आपोआप पुढे यावी. मोठ्या बटणाला हात लावायचा नाही, ही शपथ घेतली. तो कीबोर्ड वाजवत होता, मी पीस वाजवला, आणि गिटार त्याच्या डोक्यावरून खणखणीत गेली. "झालं की तुझं काम," तो म्हणाला. बाहेर येऊन आम्ही चहा प्यायलो आणि कित्येक दिवसांनी मला त्या चहाची चव लागली.

गिरगावचा कार्यक्रम एका वाडीत, तिथल्या चर्चच्या सणानिमित्त होता. संध्याकाळी खुर्च्या मांडायच्या आधी आम्ही तपासणी केली. साउंडवाल्याने अंगठा दाखवला. मी पेटीकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. मग लोक आले, कार्यक्रम सुरू झाला, तिसऱ्या गाण्यात माझा पीस आला, मी पायाने बटण दाबलं, वाजवायला लागलो, आणि चार-पाच सुरांत गिटार विझून गेली. म्हणजे येत होती, पण पातळ, लांबून, शेजारच्या वाडीत कोणी वाजवावी तशी. पुढच्या पीसला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

"साहेब, चेकला मस्त येत होतं ना," साउंडवाला नंतर म्हणाला. "आता माझ्याकडे येतच नाय काय, तर मी वाढवू काय?"

संचालकाने लांबूनच हात केला आणि निघून गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन शांत झोपलो असतो.

आता पेटीला दोष द्यायची सोय उरली नव्हती. मग माझ्या मनाने दुसरं काढलं. कान गेले. वय झालं, स्टेजवर इतकी वर्षं ढोलकीच्या बाजूला उभं राहून कान गेले, आणि आपल्याला कळतही नाही की आपण काय वाजवतोय. ऑफिसात मी सारखा कान लावून बसायला लागलो. लिफ्टची घंटी ऐकू आली की जिवात जीव यायचा. शेजारच्या टेबलावरचा माणूस हळू बोलला की छातीत धस्स व्हायचं. दादरच्या एका कानाच्या डॉक्टरांचा नंबरही काढून ठेवला, पण फोन लावायचं धाडस होईना. डॉक्टर हो म्हणाले असते तर?

रविवारी दुपारी बायको घोडपदेवला तिच्या बहिणीला गिरगावचा व्हिडिओ पाठवत होती. तिने तो खुर्चीत बसून, फोन स्थिर धरून, माझे पीस तेवढे घेतले होते. पाठवायच्या आधी ती तो पुन्हा बघत बसली, आणि मधेच थांबली.

"अहो, तुम्ही हे काय करता सारखं?"

"काय?"

"करंगळीने. बटण फिरवता ते."

मी फोन हातात घेतला. पडद्यावर मी होतो, पीस सुरू झाला होता. पुढच्या रांगेतली एक बाई रडणारं मूल घेऊन उठली आणि बाजूने निघाली. माझी मान खाली होती. पण उजव्या हाताची करंगळी गिटारवरच्या बटणाकडे गेली आणि तिने ते खाली आणलं. सहज, खांद्यावरचा पदर सारखा करावा तितक्या सहज. दुसऱ्या पीसला एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याच्या कानात काही सांगायला वाकले. करंगळी पुन्हा गेली.

"घरी करता तसंच," बायको म्हणाली.

"घरी मी काय करतो?"

"गॅलरीतून कोणी गेलं की आवाज कमी करता. हेडफोन लावलेला असतो तरी करता." तिने माझ्याकडे पाहिलं. "मला वाटायचं ते वाजवण्यातलंच असतं काहीतरी."

मी खाटेवर बसलो. आमची खोली म्हणजे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला लाकडी पार्टिशन, आणि दाराबाहेर सगळ्या मजल्याची ये-जा. शाळेत असल्यापासून मी इथे वाजवतोय. मला बंद कर असं कधी कोणी म्हणालं नाही. पार्टिशनपलीकडच्या काकी तर उलट म्हणायच्या, "वाजव रे झिला, माका बरां वाटता." कोणी एकदा खेकसलं असतं तर मी भांडलो असतो, वेळ ठरवून घेतली असती. पण कोणी काही म्हणत नव्हतं, म्हणून मीच सगळ्यांच्या वतीने माझा आवाज कमी करत राहिलो. दारात सावली आली की कमी. पलीकडे कोणी खोकलं की कमी. आणि गिटारवरचं बटण सगळ्यांच्या आधीचं. ते खाली आलं की गेनलाही कमी पोचतं आणि सूर पातळ होतो. पुढे मिक्सरपर्यंत कितीही बटणं चढवा, जे आतच गेलं नाही ते बाहेर कुठून येणार. परळच्या खोलीत सगळं नीट झालं कारण तिथे उठून जाणारं कोणी नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. कान शाबूत होते. पण मी आणखीच हादरलो. पेटी बिघडली असती तर दुरुस्त झाली असती. हे कुठे नेऊन दाखवणार? त्या आठवड्यात मी मुद्दाम लक्ष ठेवून वाजवून पाहिलं. लक्ष बोटाकडे गेलं की सूर चुकायचे, सुरांकडे गेलं की बोट निसटायचं. शेवटी मी बटण पूर्ण वर नेलं आणि त्यावर काळी इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळली. हळू वाजवायचं ते पायाने, साथीच्या साउंडवर जाऊन. हाताला परवानगी नाही.

लालबागचा कार्यक्रम एका सोसायटीच्या वर्धापनदिनाचा, तिथल्याच मैदानात होता. पहिल्या रांगेत सगळे ज्येष्ठ नागरिक, स्टेजपासून अगदी जवळ. कीबोर्डवाला माझ्याकडे बघत नव्हता. संचालकाने त्याला गिटारचा साउंड लावून तयार राहायला सांगितलेलं आहे, हे मला न सांगताच कळलं.

पीस आला. मी पायाने बटण दाबलं आणि गिटार अशी बाहेर पडली की मीच दचकलो. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कपाळाला आठ्या घालून कानावर हात ठेवला. माझी करंगळी गेलीच. टेपवर घासली, पुन्हा घासली, बटण हललं नाही. आवाज सगळ्या मैदानभर गेला होता आणि मला तो परत घेता येत नव्हता. मी आयुष्यात इतकं घाबरून कधी वाजवलेलं नाही. मनातल्या मनात मी त्या आजोबांची माफी मागत होतो आणि पुढचा सूर वाजवत होतो, पुन्हा माफी, पुन्हा सूर. मधेच डावीकडे पाहिलं तर कीबोर्डवाल्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

कार्यक्रम संपल्यावर संचालक चहाचा कप घेऊन आला. मी पेटी पिशवीत घालत होतो.

"गिटार जरा जास्तच होती रे आज," तो म्हणाला. "पुढच्या वेळी थोडी कमी ठेव."

मी हो हो म्हणालो. डोळे भरून आले ते दिसू नयेत म्हणून पिशवीत काहीतरी शोधत राहिलो. बायको खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजपाशी आली होती. तिने त्याला माझ्याशी बोलताना लांबून पाहिलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाले?"

"पुढच्या वेळी," मी म्हणालो, आणि त्याच्या पुढचं काही मला बोलता येईना.