जिन्याखालचं मीटर

मुलगी झाली तेव्हा आम्ही भिलाईच्या हुडको कॉलनीत वडिलांच्या घरी, वरच्या मजल्यावर राहत होतो. वरचा मजला म्हणजे एक खोली, एक मोरी आणि उरलेली सगळी गच्ची. भाडं नव्हतं. ही गोष्ट वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि कुणी आलंच नाही तर आईला सांगत.

ते स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, पर्मनंट. मी त्याच प्लांटमध्ये ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन. आमच्या घरातलं सगळं राजकारण एवढ्यातच आलं. त्यांची अख्खी नोकरी कंट्रोल रूममध्ये तासातासाला रीडिंग घेण्यात गेली होती आणि रिटायर झाल्यापासून त्यांच्या डोळ्यांना काम नव्हतं. बायको बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली, मी वरच्या खोलीत कूलर लावला, आणि त्यांना काम मिळालं.

"हा आता दिवसरात्र चालन," ते म्हणाले. "बिल माह्या नावानं येते. वरचं वेगळं सबमीटर लाव."

"बाबूजी, घरातल्या घरात?"

"घरातल्या घरातच त हिशोब ठेवा लागते. बाहेरचा माणूस मागून घेते."

मीटर मीच विकत आणलं आणि जिन्याखाली मीच बसवलं. दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर मजुरी गेली असती. नव्या बापाच्या काटकसरीची ही माझी सुरुवात होती, आणि मला तिचा अभिमानही वाटला होता.

त्यानंतर दर रविवारी वडील आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मीटरसमोर उभे राहू लागले. चष्मा कपाळावर सरकवून आकडा मोठ्यानं वाचायचा, जणू मागे कोणी शिफ्ट इंचार्ज लिहून घेतो आहे. मग जिन्यातूनच रक्कम सांगायची. ठेकेदार पगार लांबवी, वडील रविवार लांबवत नसत.

पहिली रक्कम ऐकून मी चहा सोडला. दुसरी ऐकून मोरीतला बल्ब काढून ठेवला आणि अंधारात साबणावर घसरलो. तिसऱ्या रविवारनंतर कापण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, म्हणून आम्ही दुपारचा कूलर बंद करायला लागलो.

मे महिन्यात भिलाईतल्या स्लॅबखालच्या खोलीत दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. बायको खिडकीला ओली साडी बांधायची, ती मुलीचं दुपटं बदलेपर्यंत वाळायची. मुलीच्या मानेवर, काखेत, पाठीवर घामोळ्या उठल्या. ती रडून रडून दमायची, दम खाऊन पुन्हा रडायची. खाली न्यावं तर आईची शिस्त आडवी येई. बाळंतिणीनं सव्वा महिना जिना उतरायचा नाही. आई ताट घेऊन वर यायची, मुलीची पाठ पाहायची, डोळे पुसायची आणि शिस्त तिथेच ठेवून खाली जायची.

एवढं करून पुढच्या रविवारची रक्कम आधीपेक्षा जास्त निघाली.

"दुपारी कूलर बंद असतो, बाबूजी," मी म्हणालो.

"मीटर खोटं बोलते का मंग?" त्यांनी आवाज चढवला, वरपर्यंत पोचेल इतका. "सूनबाईले सांग, आमच्या वेळच्या बायका हातपंख्यावर पोरं वाढवत होत्या. लोळत नोत्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहिली शिफ्ट करून आलो तेव्हा मुलगी रडत नव्हती. ते जास्त वाईट होतं. ओठ कोरडे पडले होते आणि टाळू आत गेली होती. तिला उचलून सिविक सेंटरजवळच्या डॉक्टरकडे पळालो. डॉक्टर म्हणाले, पोरगी उन्हानं सुकते आहे, दर थोड्या वेळानं पाजा आणि थंड जागेत ठेवा. मग मला विचारलं, "घरी कूलर नाही काय?"

"आहे," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायकोनं आमचा कूलर चालू करायच्या आधी वरचा मेन स्विच पाडला. म्हणाली, "आता खाली जाऊन मीटर पाहून या."

"कावून?"

"जा म्हटलं न."

गेलो. वर सगळं बंद, तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे कुणीतरी वीज खात होतं. वडिलांच्या खोलीत त्यांचा मोठा कूलर घरघरत होता. मी वायरी पाहिल्या. जिन्याखालून वर जाणारी जी लाइन मी मीटरमधून घेतली होती, तिच्यातूनच पुढे वडिलांच्या खोलीचा बोर्ड निघत होता. इतके आठवडे त्यांचा कूलर, टीव्ही, पंखा, सगळं आमच्या खात्यावर चालत होतं. जोडणारा मीच. प्लांटमध्ये हेल्परनं असं जोडलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

दारात उभा राहिलो. वडील कूलरसमोर डोळे मिटून पडले होते.

"बाबूजी, तुमची लाइन..."

"दिसली का?" त्यांनी डोळे उघडले नाहीत. "लय दिवस लागले तुले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"रीडिंग घेणारा माणूस आहो मी. पहिल्याच रविवारी समजलं. म्हटलं पाहू, आपल्या इलेक्ट्रिशियनले कधी समजते त."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बायको मुलीला घेऊन खाली आली होती. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अवो, सव्वा महिना झाला नाही अजून!" बायकोनं ऐकलं नाही. तिनं मुलीला वडिलांच्या पलंगावर, पायाशी, कूलरच्या ऐन झोतात ठेवलं.

"बाबूजी, पैसे आमचे आहेत," ती म्हणाली. "थोडी हवा पोरीले लागू द्या."

वडील उठले. मला वाटलं ते सरकून जागा देतील. त्यांनी हात लांबवून कूलरचं बटण बंद केलं.

"घ्या," ते म्हणाले. "वाचले तुमचे पैसे."

मी भांडलो नाही. भांडण्याइतकी हिंमत माझ्यात कधीच नव्हती, हत्यारं मात्र होती. जिन्याखाली जाऊन त्यांच्या खोलीची लाइन मीटरवरून काढली, टोकांना टेप गुंडाळली आणि वर गेलो. ती आधीच्या जागी, घरच्या मुख्य मीटरवर जोडणं अर्ध्या तासाचं काम होतं. ते मी केलं नाही.

आमचा कूलर आता सारा दिवस चालू लागला. मुलगी झोपू लागली. वडील एका शब्दानं म्हणाले असते तर मी जोडून दिलं असतं. ते म्हणाले नाहीत. आईच्या स्वयंपाकघरात पंखा चालत होता, तिथेही ते आले नाहीत. स्वतःच्या खोलीत बनियनवर बसून पेपरानं वारा घेत राहिले. आई ताट वर आणायची आणि माझ्याकडे पाहायची, मी ताटाकडे पाहायचो.

रविवारी ते शर्ट घालून आले. मानेवर लाल घामोळ्या उठल्या होत्या, ते कॉलर मानेला टेकू देत नव्हते. चष्मा कपाळावर नेला, आकडा वाचला. निम्म्याहून कमी.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले आणि पैसे मोजून घेतले.

बायको जिन्याच्या मधल्या पायरीवर आली होती. तिनं पावडरचा डबा पुढे केला. "मानेले लावा, बाबूजी. सांजेपर्यंत वापस द्या, पोरीचा आहे."

त्यांनी डबा घेतला. मी टेस्टर घेऊन खाली उतरलो आणि त्यांची लाइन मुख्य मीटरवर जोडली. ते पूर्ण वेळ मागे उभे होते, मानेवर पावडर थापलेले. काम संपल्यावर मी म्हणालो, "झालं, लावा कूलर."

ते हलले नाहीत. जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, वरचा मेन पाड!"

वर खटका पडला. वडिलांनी कूलर चालू केला, येऊन आमच्या मीटरसमोर वाकले आणि लाल दिवा लुकलुकतो का, हे पुष्कळ वेळ पाहत राहिले.

वर मुलगी रडायला लागली.