गोठलेलं तेल

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात एका माणसाचे आभार मानायचे राहिले, कारण त्याचं नावच मला ठाऊक नव्हतं. गुलमंडीच्या बाजारात तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. आधी मशीनला कान लावायचा, मग हत्यार उचलायचा.

ऐन थंडीत आईच्या मशीनचं चाक फिरेना, म्हणून मी ते त्याच्याकडे नेलं. त्यानं आतलं तेल बोटांत चोळून पाहिलं. "खोबरेल घातलं व्हय, ताई?"

घातलं होतं, मीच.

"मशीनला काय बी झालं नाय. भवतालचं तेल गोठलंय. उगं बिचाऱ्याला बदनाम करू नका."

मी तशीच प्रयोगशाळेत गेले. तिथं जिवाणूच्या पेशीभोवतीच्या मेदाच्या पटलातून काढलेलं एक एन्झाइम महिनोन्महिने सुस्त पडलं होतं आणि मी त्यालाच दोष देत होते. पण ज्या मेदात मी ते बसवलं होतं, तोच घट्ट होता! त्या जिवाणूच्या स्वतःच्या पातळ मेदात बसवल्यावर ते झपाट्यानं कामाला लागलं.

पेढे घेऊन गेले, त्याला एन्झाइमचं सगळं सांगितलं. त्यानं पेढा हातातच धरला, मान तिरकी केली आणि विचारलं, "आता त्याचा आवाज कसा येतोय?"