आत्याच्या वहीतलं एक पान

आत्याचं रक्त मी भलत्याच लॅबला दिलं. चांगल्या हेतूनं दिलं, आणि माझ्या चांगल्या हेतूंनी आमच्या घराला जेवढा ताप दिलाय तेवढा कुणाच्या वाईट हेतूंनी दिलेला नाही.

तिची नेहमीची लॅब गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलायच्या, मग तीन जिने चढायचे, कारण लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी आहे आणि ती पाटीच आता दुरुस्तीला आली आहे. दर तीन महिन्यांनी ही वारी. मी पन्नाशीचा, आत्या सत्तरीची; आणि वरच्या जिन्यावरून वाकून ती मला विचारणार, "येतोयस, की खुर्ची खाली पाठवू?"

म्हणून या खेपेला मी फोनवरून घरी येणारी लॅब शोधली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस बर्फाची पेटी घेऊन आला आणि दोन नळ्या भरून पाच मिनिटांत गेलासुद्धा.

"बघ आत्या, जिने नाहीत, बस नाही!"

आत्या दंडाशी कापूस दाबून बसली होती. "डॉक्टरांना विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं? रक्त ते रक्त."

हे वाक्य पुढचे दहा दिवस मला माझ्याच आवाजात ऐकवण्यात आलं.

आत्या कपडे शिवते. पंचेचाळीस वर्षं शिवतेय. गळ्यात कायम टेप, म्हणून नात्यातली सगळी लहान मंडळी तिला टेपआत्या म्हणतात. तिच्याकडे एक जाडजूड वही आहे आणि वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान: खांदा, छाती, कंबर, बाही. कोण किती सुटलं याची गावातली सर्वांत खात्रीची नोंद तीच, आणि म्हणून ती वही कुणाच्या हाती लागू देत नाही.

तीन वर्षांपूर्वी तिची पाठ धरली. मशीनवर वाकून वाकून धरली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं आणि वर्षभर तिला मलमं चोळली. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ, क्रिएटिनिन वाढलेलं, आणि प्रथिनं नको तितकी. मग प्रथिनं वेगवेगळी करून त्यांचा आलेख काढतात ती तपासणी झाली. जिथे बुटकी टेकडी असायला हवी तिथे सरळ सुळका उभा होता. पुढे कमरेच्या हाडातली मज्जा तपासली आणि नाव कळलं: मल्टिपल मायलोमा. हाडांच्या मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर. औषधोपचार झाले, सुळका जवळजवळ मावळला, आणि आत्या पुन्हा मशीनवर बसली. फक्त दर तीन महिन्यांनी रक्त, कारण हा आजार परत डोकं वर काढतो, आणि ते दुखायच्या आधी रक्तात दिसतं.

आजाराचं नाव कळलं त्या दिवसापासून वहीत आत्याचं स्वतःचंही एक पान आहे. खांदा, छाती, कंबर खोडून तिनं तिथे लिहिलंय हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन, एम प्रोटीन, लाइट चेन. एम प्रोटीन म्हणजे आलेखातला तो सुळका, आणि लाइट चेन म्हणजे बिघडलेल्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिनांचे सुटे तुकडे. वर्षभरातले त्यांचे आकडे होते तीस, बत्तीस, एकोणतीस, एकतीस.

नव्या लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी माझ्या फोनवर आला. लाइट चेन: अठ्ठावन्न. लाल रंगात.

मी तो न वाचताच घरच्या ग्रुपवर टाकून दिला होता. अर्ध्या तासात काका हजर, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. चप्पल न काढताच सुरू झाले.

"दुप्पट झालंय! तरी मी म्हणत होतो, मशीन बंद कर म्हणून!"

"दादा, मशीननं वाढत नाही ते."

"मग कशानं वाढतं?"

"ते कळलं असतं तर मी डॉक्टर झाले असते. आधी चपला काढ, टेबलावरचं कापड खाली लोंबतंय."

कापड गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंच्या कोटाचं होतं. भारी, गडद निळं. दोन दिवसांपूर्वीच खडूनं आखून झालं होतं. आत्यानं काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. आणि हातातली कात्री खणात ठेवून दिली.

"कापत नाहीस?" मी विचारलं.

"एकदा कापलं की ते दुसऱ्या कुणाला शिवता येत नाही. माझ्या हातून पुरं होणार असेल तरच कापीन."

मी उगाच पाणी प्यायला आत गेलो.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी जुने आणि नवे कागद शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला. "लॅब बदललीत?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"यांनी बदलली," आत्या म्हणाली. आत्यानं मला अहो-जाहो केलं की समजायचं, आपली धडगत नाही.

"प्रत्येक लॅबचं किट निराळं असतं," डॉक्टर म्हणाले. "एकाच रक्ताचे दोन आकडे येऊ शकतात. हा अठ्ठावन्न तुमच्या एकतिसापुढे मांडता येत नाही. खरंच वाढलंय की मोजण्याचा फरक आहे, आत्ता मी सांगू शकत नाही. जुन्या लॅबला पुन्हा द्या."

बसस्टॉपवर आत्याचा बांध फुटला. "माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना पहिल्या दिवशी काय सांगते मी? एका माणसाची सगळी मापं एकाच टेपनं! जुनी टेप ताणलेली असते, नवी आखडलेली असते. छाती एकीनं नि कंबर दुसरीनं घेतली तर सदरा होईल की पिशवी? आणि हे माझ्याच घरात! रक्त ते रक्त म्हणे!"

बससाठी उभी असलेली माणसं माझ्याकडे अशी बघू लागली की जणू त्यांचेही सदरे मीच बिघडवले होते.

पुन्हा दोन बस, तीन जिने. लॅबवाल्याला आत्यानं कारण सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मग तिचा डावाच हात पुढे घेतला, कारण उजवा कात्रीचा आहे हे त्याला न सांगता ठाऊक असतं.

रिपोर्टला पाच दिवस. पाच दिवस काका सकाळ-संध्याकाळ फोन करून "आला का?" विचारत आणि मी "नाही" म्हटलं की "असं कसं?" म्हणत. पाच दिवस निळं कापड टेबलावर आखलेलं तसंच पडून होतं. ग्रंथपालबाई एकदा डोकावल्या. "सवड नाही झाली," आत्या म्हणाली. पंचेचाळीस वर्षांत तिच्या तोंडून हे कुणी ऐकलं नव्हतं.

सहाव्या दिवशी मी स्वतः जाऊन कागद आणला. लाइट चेन बत्तीस. एम प्रोटीन होतं तेवढंच. मी घराच्या दारातूनच ओरडलो. आत्यानं कागद हातात घेऊन दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, वही काढून एकतिसाखाली बत्तीस लिहिलं. माझ्या अठ्ठावन्नला वहीत जागा मिळाली नाही.

मग तिनं खण उघडून कात्री काढली. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कापड धरून उभा राहिलो. निळ्या कापडात कात्री करकरत शिरली आणि खडूच्या रेघेवरून न थांबता निघाली.

"आत्या, खरं सांग. घाबरली होतीस ना?"

तिनं कात्री थांबवली नाही.

"घाबरले होते, आता कापड नीट धर."