बिनधुराचं मटण

आमचे सासरे प्रेमसिंग. घरात आम्ही सगळे त्यांना बापू म्हणतो. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढं आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे आणि त्या तांड्यात चाळीस वर्षं मटणाची डेग, पंगतीचं ते मोठं पातेलं, बापूंनीच उतरवली. लग्न असो, बारसं असो की देवीचं वर्षाचं बोकड, बापू सकाळी चर खणायचे, बाभळीची लाकडं लावायचे आणि बाजूच्या दगडावर बसून राहायचे. सारखं झाकण उघडून बघणारा माणूस त्यांच्या डोक्यात जायचा. आत काय चाललंय ते त्यांना रटरटण्याच्या आवाजावरून कळायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच जेवणाला विचारलं होतं, "बापू, मसाला काय काय घातला?" तर म्हणाले, "धूर." एवढंच. बोलण्यात माणूस असा कंजूष.

त्याच धुरानं त्यांची छाती खाल्ली. दोन वर्षांपूर्वी दम लागायला लागला, उन्हाळ्यात तर चार पावलं चालवेना. हिंगोलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्पष्ट सांगितलं, पुन्हा धुरात बसलात तर माझ्याकडं येऊ नका, आल्याचा उपयोग होणार नाही. मग आम्ही त्यांना वसमतला आणलं. माझा नवरा रणजीत इथं हळदीच्या आडतीवर कामाला आहे, मी घरीच केक करून विकते. सासूबाई मिराबाई शेळ्यांपायी तांड्यावरच राहिल्या.

यंदा देवीचं बोकड वीस दिवसांवर आलं आणि बापूंनी पिशवी भरायला घेतली. घरी आम्ही गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत बोलतो, पण ते भांडण इथं आपल्या मराठीत मांडते.

"कुठं निघालात?"

"डेग कोण उतरवंल? मी जाऊन राहिलो."

"डॉक्टर काय म्हणले इसरले का तुमी?"

"डॉक्टर काय आपल्या तांड्याचा हाय का?"

"जीव जाईन बापू!"

"चुलीपुढं गेला तं गेला."

रणजीत भिंतीकडं बघत बसला. बाप समोर असला की याच्या तोंडाला कुलूप. मला मात्र राग आवरत नाही. मी पिशवी ओढून घेतली आणि म्हणाले, आग पाहिजे ना तुम्हाला? देते. बिनधुराची देते.

माझ्याकडं केकचा मोठा ओव्हन आहे. मोबाइलवर मी एका परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहिला होता. तो मांसाचा भला मोठा चपटा तुकडा मसाला चोळून घरच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर सात-आठ तास ठेवतो, आणि बाहेर काढल्यावर म्हणतो की शेकोटीवरच्यासारखं झालं. त्याचं मांस मोठ्या जनावराचं, आपल्या कामाचं नव्हतं, पण रीत कामाची होती. मी ठरवलं, बोकडाची अख्खी रान, म्हणजे मागची तंगडी, अशीच करायची. बापूंना शिजवायला काहीतरी मिळालं तर तांड्याचं वेड डोक्यातून जाईल, असा माझा हिशेब.

रान आणायला बापू स्वतः गेले. मी वाटण काढून ठेवलं, लसूण, आलं, मिरची, हळद, आणि एका घरी केक पोचवून आले. परत येऊन बघते तर परातीत रानेचे बारीक तुकडे करून त्याचे सात सारखे ढीग लावलेले! घरात माणसं तीन.

"बापू, हे काय केलं?"

"काय केलं? वाटे लावले."

आता यात त्यांची चूक तरी काय म्हणायची. आमच्यात बोकड पडलं की आधी सारखे वाटे लागतात. हर वाट्यात थोडं काळीज, थोडी बरगडी, थोडं मांडीचं. तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाच्या घरी जेवढं जातं तेवढंच एकट्या म्हातारीच्या घरी. अख्खी रान एका जागी ठेवणं म्हणजे कुणाचं तरी तोंडचं काढून खाणं. पण ओव्हनला ते कुठं ठाऊक? बारीक तुकडे चार तासांत वाळून चपलेच्या तळव्यासारखे झाले. बापू खूश. "बघ. डब्यात कुठं आग राहती?" म्हणाले आणि पिशवी परत खुंटीला लावली, दारापाशी, निघायच्या बेतानं.

मी हट्टाला पेटले. आठ दिवसांनी दुसरी रान आणली, या खेपेला मी स्वतः. रात्रभर मसाल्यात ठेवली, सकाळी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळली, आच एकशेचाळीस डिग्रीवर लावली. बापू प्लास्टिकची खुर्ची घेऊन ओव्हनसमोर बसले. गंमत बघा, जन्मभर झाकणाला हात लावणाऱ्यांवर खेकसणारा माणूस दर दहा मिनिटांनी दार उघडायला उठायला लागला.

"बसा की बापू! काहून उघडून राहिले?"

"याच्यात आवाजच येऊन न्हाई राहिला," ते म्हणाले. "आत काय व्हतंय ते मला समजंना."

पाच तासांनी बाहेर काढली, अर्धा तास तशीच झाकून ठेवली. बापूंनी बोट लावलं तर मांस हाडावरून आपसूक सुटलं. घास तोंडात घेऊन ते बराच वेळ चावत राहिले. धूर नव्हता, पण चव होती. दमही लागला नव्हता.

"मऊ हाय," ते म्हणाले. "बराबर शिजलं."

मी रणजीतकडं बघून हसले. जिंकलेच होते मी.

"पण पुजा, याच्यात मी काय केलं?"

"बसलात ना पाच तास."

"बसलो. न बसतो तरी शिजलंच असतं."

बापूंनी हात धुतले, मोबाइल घेतला आणि पुतण्याला, देविदासला, फोन लावला. "देविदास, या टायमाला डेग तू उतरव. मी येईन, पर लांब बसंन." दम लागल्यासारखं थांबले, पण दम लागला नव्हता.

देवीच्या दिवशी आम्ही हिंगोलीपर्यंत बसनं आणि पुढं जीपनं गेलो. धूर जिकडं जात नव्हता तिकडं मी लिंबाखाली बाज टाकली, बापूंना बसवलं. देविदास चाळिशीचा, हाताला चव चांगली. मधूनमधून तो इकडं बघायचा, बापू मान हलवायचे, की तो मीठ टाकायचा.

दुपारी पंगत बसली. तांड्यावर रांधणारा सगळ्यांच्या शेवटी जेवतो. शेवटच्या लेकराच्या ताटात पडल्याशिवाय त्यानं घास घ्यायचा नाही. देविदासनं पहिलं ताट वाढलं, दोन्ही हातांनी धरून बाजेपाशी आणलं आणि वाकून म्हणाला, "आधी तुमी, बापू."

"मला आधी?"

सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "जेवा आता."

बापू खाली मान घालून जेवले. मला रडू फुटलं. माणूस वाचवला मी, पण त्याचं काम माझ्याच हातानं काढून घेतलं होतं.

पंगती उठत गेल्या. ताट रिकामं झालं होतं, तरी बापू जागचे हलले नाहीत. उन्हं कलल्यावर देविदास एकटाच चराच्या कडेला ताट घेऊन बसला. त्याचं जेवण होईस्तोवर बापू खरकटा हात तसाच ठेवून बसून राहिले, आणि तो उठल्यावरच हात धुवायला उठले.