फोटोतून कापलेली जाळी

“पप्पा, ही मॅच नाहीये, प्रॅक्टिस आहे! प्रॅक्टिस लाह!”

लेक सिंगापुरी ‘लाह’चं शेपूट लावून अशी ओरडली, की जुरोंग ईस्टच्या आमच्या चौदाव्या मजल्यावरून आवाज थेट एमआरटी मेट्रोच्या फलाटावर गेला असावा आणि दोन गाड्या जागीच थांबल्या असाव्यात. ती शाळेत सॉफ्टबॉल खेळते. माझ्या छंदाकडे तिने आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

छंद असा: अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल संघांत ज्यांना घेतलं, गणवेश चढवला, पण एकाही सामन्यात उतरवलं नाही, अशा खेळाडूंचा माग काढायचा. आम्ही हौशी मंडळी त्यांना भुतं म्हणतो.

अशाच एका भुताच्या मुलीने, ऐंशी ओलांडलेल्या बाईंनी, मला वडिलांचा फोटो पाठवला होता. वडील उन्हाळाभर संघाबरोबर राहून घरी परतले, ते त्याबद्दल पुन्हा बोललेच नाहीत. ‘खेळले होते का, एवढंच सांगा,’ असं बाईंनी लिहिलं होतं.

फोटोत गडी बॅट फिरवतोय, मागे प्रेक्षक. मी पुण्याच्या मैदानांवर वाढलेला. आमच्याकडे सराव कडेला, नेटमध्ये. भर मैदानात, पूर्ण पोशाखात, लोकांसमोर बॅट घेऊन उभा, म्हणजे खेळतोय. विषय संपला. मी बाईंना चार पानं लिहिली. त्यात चेंडू ढगात गेला, कबुतरांचा थवा फुटला, पंचाने टोपी काढली. नोंदी लिहिणारा तेवढ्यात डुलकी काढत होता, असंही ठोकून दिलं. सोबत तोच फोटो मोठा करून धाडला. डावीकडे काहीतरी राखाडी, धूसर होतं, ते कापलं. काय आहे ते मी स्वतःला विचारलं नाही. सोयीचं नव्हतं.

बाईंचं उत्तर आलं: वडिलांच्या थडग्यावर नवा दगड बसवतेय, त्यावर एक ओळ वाढवते, ‘ते खेळले.’

आता लेकीचं बोट मूळ फोटोतल्या त्या राखाडी डागावर होतं.

“ही नेट आहे. बॉल टाकणाऱ्याला लागू नये म्हणून. मॅचमध्ये कोण नेटमागून टाकतं? कॅचर कुठाय? अंपायर कुठाय?”

“पण लोक बसलेत की मागे.”

“लवकर आलेत. मॅचच्या आधी त्याच ग्राउंडवर प्रॅक्टिस असते, पप्पा. एव्हरीबडी नोज.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“तू कधी दाखवलास?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. हवापाण्याचं विचारलं. मग जाळीचं सांगितलं, कापल्याचंही सांगितलं. कबुतरं माझी होती, हेसुद्धा. इतकं कमी शब्दांत मी आयुष्यात काही सांगितलं नसेल.

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“दगड मंगळवारीच बसवला,” त्या म्हणाल्या.